होस्टाला 'लावा आणि विसरा' म्हणू नका

माननीय संपादक,
नमस्कार.

आपल्या पुरवणीत मागे सावलीतल्या बागेवर लेख आला तो वाचून आधी खूप बरं वाटलं, कारण बागेबद्दल लिहिणारे बहुतेक जण उन्हातल्या फुलझाडांवरच लिहितात आणि ज्यांच्याकडे सावलीच सावली आहे त्यांनी काय करायचं हे कुणी सांगतच नाही. पण त्यात होस्टाबद्दल, म्हणजे मोठ्या देखण्या पानांसाठी लावतात आणि दर वर्षी जमिनीतल्या गड्ड्यातून पुन्हा फुटतं त्या सावलीतल्या झाडाबद्दल, दोनच ओळी होत्या, आणि त्या अशा की हे झाड कुठल्याही अंधाऱ्या कोपऱ्यात लावा आणि विसरून जा, काही करावं लागत नाही. ते वाचून राहवलं नाही म्हणून लिहितेय. पत्र मोठं झालंय, पण हे झाड मला फार जवळचं आहे आणि 'विसरून जा' या सल्ल्यामुळे किती झाडं जातात हे बघवत नाही. लोक हौसेने आणतात, मोठ्या झाडाखाली कोरड्या मातीत लावतात, दोन वर्षांत ते निम्म्याचं होतं आणि मग म्हणतात होस्टा काही खरं नाही.

आधी सावलीचं बोलूया. सावली सावलीत खूप फरक असतो. सकाळचं कोवळं ऊन दोन तास आणि नंतर दिवसभर सावली, किंवा उंच झाडाच्या फांद्यांतून दिवसभर कवडसे पडत राहतात ती हलकी सावली, या दोन्ही होस्टाला मानवतात आणि तिथेच ते खरं भरतं. भिंतीमागची कायम काळोखी जागा, जिथे भर दुपारी पण वाचायला दिवा लागेल, तिथे होस्टा लगेच मरत नाही हे खरंय, पण वाढत पण नाही, दर वर्षी तेवढीच चार पानं येतात आणि ती पण लांब देठाची, उजेडाकडे वाकलेली. दुपारचं कडक ऊन मात्र जवळजवळ कुठल्याच जातीला चालत नाही, पानाच्या कडा आधी फिक्या होतात, मग तपकिरी आणि कागदासारख्या कोरड्या, आणि जळलेलं पान त्या सीझनला परत हिरवं होत नाही.

आणि सगळ्या होस्टांना सारखीच सावली लागते असंही नाही. हे जर त्या लेखात आलं असतं ना तर खूप लोकांचं भलं झालं असतं, कारण पानाच्या रंगावरून जागा ठरवता येते. निळसर पानांच्या जाती, म्हणजे 'हॅल्सियन' किंवा सीबोल्डियाना 'एलिगन्स' वगैरे, यांचा तो निळा रंग म्हणजे खरं तर हिरव्या पानावरचा मेणाचा पातळ थर असतो, ऊन लागलं की तो वितळतो, जोराच्या पावसाने धुपतो, बोटाने घासलं तरी निघतो, आणि एकदा गेला की पान साधं हिरवं दिसायला लागतं, त्यामुळे या जातींना सगळ्यात जास्त सावली द्यायची आणि पानं चमकवायचे स्प्रे, तेलाचे स्प्रे, साबणाचं पाणी असलं काही त्यांच्यावर मारायचं नाही. सीझनच्या शेवटी निळा रंग थोडा उतरतोच, ते सगळीकडे होतं, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. पिवळ्या आणि पोपटी पानांचं उलट, 'सम अँड सबस्टन्स' सारखी जात सकाळचं ऊन मिळालं तर सोनेरी होते आणि दाट सावलीत नुसती हिरवट राहते. पानाचा मधला भाग पांढरा असलेल्या जाती सगळ्यात नाजूक, कारण पांढऱ्या भागात हरितद्रव्यच नाही, म्हणजे झाडाला अन्न तयार करायला उरतो फक्त हिरवा काठ, मग त्यांना उजेड तर पुरेसा हवा पण ऊन लागलं की पांढरा भाग आधी जळतो. अशा जाती हळूच वाढणार, हे धरूनच लावाव्यात. आणि ज्यांना सुवास हवाय त्यांनी प्लांटॅजिनिया किंवा तिच्यापासून तयार केलेल्या 'रॉयल स्टँडर्ड', 'ग्वाकामोले' अशा जाती बघाव्यात. प्लांटॅजिनियाची मोठी पांढरी फुलं संध्याकाळकडे उमलतात आणि वास इतका गोड असतो की आधी वास येतो मग झाड दिसतं! ही जात चीनकडची, त्यामुळे तिला आणि तिच्या वंशातल्या जातींना बाकीच्यांपेक्षा जास्त ऊन आणि उकाडा सहन होतो, किंबहुना पूर्ण सावलीत त्या नीट फुलतच नाहीत.

आता पाणी. माझ्या मते होस्टाच्या बाबतीत सावलीपेक्षा पाण्याकडे जास्त लक्ष द्यायला हवं. हे झाड मूळचं जपान, कोरिया, चीन आणि रशियाच्या अगदी पूर्वेकडच्या टोकाचं, तिकडे ते ओढ्याकाठी, ओलसर जंगलाच्या कडेला, पाणी झिरपणाऱ्या कड्यांवर, काही जाती तर चक्क उघड्या गवताळ माळावर वाढतात, म्हणजे ऊन थोडंफार चालवून घेतात पण पायाखाली ओल हवीच. मोठी मोठी पानं, त्यातून पाणी उडून जाणार भरपूर, आणि मुळं जमिनीच्या वरच्या थरातच आडवी पसरतात. आठवड्याला साधारण २५ मिलिमीटर पाऊस पडल्याइतकं पाणी लागतं, उकाड्यात त्याहून जास्त, आणि ते रोज शिंपडल्यासारखं न देता सावकाश, मुळांपर्यंत मुरेल असं द्यायचं. शक्यतो सकाळी द्यावं आणि पानांवर न ओतता बुडाशी द्यावं, का ते पुढे सांगते.

म्हणून मोठ्या झाडाखालची जागा दिसते छान पण फसवते. मेपल, बर्च, विलो, पॉप्लर यांची मुळं अगदी वर असतात आणि होस्टासाठी तुम्ही छान खड्डा करून खत घातलंत की वर्षभरात त्या झाडाची केसासारखी मुळं त्या खड्ड्यात येऊन सगळं पाणी आणि खत पिऊन टाकतात. होस्टा उपटून बघितलं तर त्याच्या मुळांपेक्षा झाडाची मुळंच जास्त निघतात. ओकसारख्या खोल मुळांच्या झाडाखाली हा त्रास कमी. जिथे मुळांचं जाळं दाट आहे तिथे खोदत बसू नका, झाडाची मुळं तोडून त्याचंही नुकसान आणि होस्टाचंही, तिथे सरळ मोठ्या कुंडीत होस्टा लावून कुंडी झाडाखाली ठेवा. कुंडीत होस्टा उत्तम येतं, फक्त भोकं मोकळी हवीत आणि पाणी वेळेवर, कारण कुंडी जमिनीपेक्षा लवकर सुकते. कडाक्याच्या थंडीत कुंडी आडोशाला घ्यावी, नाहीतर वितळणं गोठणं वितळणं गोठणं यात गड्डा सडतो.

थंडीवरून आठवलं, हा मुद्दा पण लेखात यायलाच हवा होता. होस्टाला हिवाळ्यात झोप लागते. पानं पिवळी पडून लोळतात, जमिनीवर काही म्हणता काही उरत नाही, आणि नवीन लोकांना वाटतं झाड मेलं. तसं नसतं, गड्डा खाली जिवंत असतो आणि त्याला ही झोप हवीच असते, साधारण सहा आठवडे तरी तापमान ५ अंशांच्या खाली राहायला लागतं तेव्हा पुढच्या वसंतात कोंब जोरात येतात. जिथे हिवाळा नावालाच असतो तिथे होस्टा पहिल्या वर्षी छान दिसतं, कारण नर्सरीतून झोप पूर्ण करून आलेलं असतं, आणि मग दर वर्षी लहान लहान होत जातं. तिथे कितीही खत घातलं तरी उपयोग नाही. उबदार हवामानात हौस असेलच तर प्लांटॅजिनियाच्या घराण्यातली जात घ्यावी, तिला थंडी कमी चालते, पण तिथे सुद्धा खात्री नाही आणि हे आधीच स्पष्ट सांगितलेलं बरं. घरात, हॉलमध्ये, टेबलावर बारमाही ठेवायचं हे झाड नाहीच.

लावताना खड्डा खोल नको, रुंद करा, मुळं आडवी जातात म्हणून. २५ ते ३० सेंटीमीटर खोली पुरते पण रुंदी जितकी जास्त तितकं चांगलं. चांगलं कुजलेलं कंपोस्ट किंवा पानांचं खत भरपूर मिसळा, माती किंचित आम्लधर्मी ते उदासीन असली की झालं, फार चिकित्सा नको. जिथून कोंब फुटतात तो भाग जमिनीच्या पातळीला ठेवा, खाली गाडू नका. वरून पालापाचोळ्याचं आच्छादन घाला पण ते बुडाला टेकवू नका, थोडी जागा मोकळी सोडा, कारण तिथे ओल धरून राहिली की दमट उकाड्यात बुरशी लागते, देठ बुडातून लिबलिबीत होऊन पानं हातात येतात आणि मातीवर मोहरीच्या दाण्याएवढे तपकिरी गोळे दिसतात. हे दिसलं तर ते झाड आणि आजूबाजूची माती दोन्ही काढून टाका, वाट बघू नका. खताचं विचाराल तर वसंतात कोंब वर येताना एकदा सावकाश सुटणारं खत, बस. उन्हाळा उतरल्यावर खत दिलं तर उशिरा कोवळी पानं येतात आणि थंडीत मार खातात.

आणि मग थांबायचं. पहिल्या वर्षी होस्टा मुळं करतं, वर काही दाखवत नाही. पूर्ण आकार यायला साधी जात चार-पाच वर्षं घेते, 'एम्प्रेस वू' सारखी प्रचंड पानांची त्याहून जास्त, आणि गंमत म्हणजे लहानपणीची पानं आणि मोठेपणीची पानं इतकी वेगळी दिसतात की तेच झाड का असं वाटावं, गोल आकार, पानावरच्या घड्या, रंगाचा खरा उठाव हे सगळं वय झाल्यावर येतं. लोक दोन वर्षांत कंटाळून जागा बदलतात, परत बदलतात, फाडून मैत्रिणींना वाटतात, आणि ते बिचारं दर वेळी पहिल्यापासून सुरुवात करतं. होस्टाला विभागणी लागतेच असं नाही, एकाच जागी ते वर्षानुवर्षं छान राहतं. जास्त रोपं हवी असतील तर वसंतात कोंब नुकते टोकावर आलेले असताना, पानं उघडायच्या आधी, नाहीतर उन्हाळा संपताना, जमीन गोठायच्या महिना-दीड महिना आधी गड्डा काढून प्रत्येक तुकड्याला कोंब आणि मुळं दोन्ही येतील असा कापावा. बियांपासून करायचं असेल तर आनंदाने करा पण आईसारखं पिल्लू येईल ही अपेक्षा ठेवू नका, व्हेंट्रिकोसा ही एक जात सोडली तर बियांतून तसंच झाड येत नाही. दुरंगी झाडात कधी एखादा पूर्ण हिरवा कोंब निघतो, तो मुळासकट काढून टाकावा, कारण हिरवा कोंब जास्त ताकदीचा असतो आणि काही वर्षांत दुरंगी भागाला गिळून टाकतो.

गोगलगायींचा विषय काढल्याशिवाय होस्टाचं पत्र पूर्ण होणार नाही, विशेषतः शंख नसलेल्या त्या स्लग. रात्री येतात, कोवळी पानं खातात, सकाळी पानात भोकंच भोकं आणि वर चमकती चिकट रेघ. संध्याकाळी पाणी घातलं की रात्रभर ओल राहते आणि त्यांची सोय होते, म्हणून सकाळी पाणी. अंड्याची टरफलं पसरा, तांब्याची पट्टी लावा हे उपाय सगळेच सांगतात, पण ब्रिटनच्या रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीने २०१८ मध्ये टरफलं, तांब्याची पट्टी, खडी, सालीचा चुरा, लोकरीच्या गोळ्या हे सगळं लेट्यूसभोवती लावून तपासलं तेव्हा काहीच न लावलेल्या झाडांइतकंच नुकसान झालं. त्यापेक्षा रात्री टॉर्च घेऊन हाताने वेचणं, वसंतात कोंब वर यायच्या आधीच जुना कुजलेला पाला साफ करणं, आणि फारच झाल्या तर आयर्न फॉस्फेटच्या गोळ्या अगदी थोड्या, पाकिटावर लिहिलंय तेवढ्याच. मेटाल्डिहाइडच्या निळ्या गोळ्या कृपा करून टाकू नका, कुत्रे, पक्षी सगळ्यांच्या जिवाला धोका असतो, ब्रिटनमध्ये २०२२ पासून बाहेर बागेत वापरायला त्यावर बंदीच आहे. सगळ्यात सोपा उपाय म्हणजे जाड पानांची जात निवडणं, 'हॅल्सियन', 'सम अँड सबस्टन्स', छोट्यात 'ब्लू माऊस इअर्स', यांची पानं इतकी दणकट की गोगलगायी पातळ पानांकडे आधी वळतात. पानांच्या कडेला अर्धगोल खाचा असतील तर ते मात्र गोगलगायीचं काम नाही, तो सोंड्या भुंगा असतो आणि त्याच्या अळ्या खाली मुळं खातात, तेव्हा कुंडी असेल तर माती उपसून बघा. उन्हाळ्याच्या शेवटी शिरांच्या मधोमध तपकिरी लांब पट्टे दिसले तर पानातले सूक्ष्म कृमी असू शकतात, ते ओल्या पानावरून पोहत पसरतात, वरून पाणी नको म्हटलं ते मुख्य याच्यासाठी.

पण ज्या कारणासाठी मी खरं तर हे पत्र लिहायला बसले ते कारण आता सांगते. होस्टा व्हायरस एक्स. लेखात याचा उल्लेखच नव्हता आणि माझ्या मते हौशी लोकांना सगळ्यात आधी हेच सांगायला हवं. हा व्हायरस १९९६ मध्ये अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठाच्या बेन लॉकहार्ट यांनी ओळखला. त्याच्या आधी आणि नंतरही काही वर्षं काय झालं माहितेय, अशी आजारी झाडं पानावरच्या विचित्र ठिपक्यांमुळे सुंदर वाटली म्हणून नवीन जात समजून नाव देऊन विकली गेली, 'ब्रेकडान्स', 'लेपर्ड फ्रॉग', 'लुनसी' ही नावं त्यातलीच. म्हणजे रोग पैसे देऊन घरी आणला गेला, यात गिऱ्हाइकाची काहीच चूक नव्हती, कुणी सांगितलंच नव्हतं.

लक्षणं ओळखायची कशी? निरोगी दुरंगी पानात रंगाची एक शिस्त असते, एकतर कडेला पट्टा नाहीतर मध्ये, आणि सीमा स्वच्छ. व्हायरस असला की रंग शिरांच्या बाजूने टीपकागदावर शाई पसरावी तसा पसरतो, पिवळ्या पानावर गडद हिरवे डाग शिरांना धरून दिसतात, काही जातींत पान सुरकुततं, गाठी येतात, जिथे रंग बदललाय तिथला पोत पण बदलतो. आणि सगळ्यात वाईट म्हणजे लागण झाल्यावर लक्षणं दिसायला महिने, कधी कधी वर्षं लागतात, तोवर तुम्ही त्याच कात्रीने दहा झाडांचे फुलांचे दांडे कापलेले असतात. पसरतो तो रसातून. कात्री, सुरी, खुरपं, फाटलेल्या पानाला लागलेला आपलाच हात, यातून. किडे हा पसरवतात असं आढळलेलं नाही, म्हणजे रोग थांबवणं पूर्णपणे आपल्या हातात आहे, आणि म्हणूनच मला 'विसरून जा' या शब्दांचा इतका राग येतो.

औषध नाही. खत, फवारणी, पानं कापणं, कशानेही झाड बरं होत नाही. मुळासकट काढायचं, पिशवीत बांधून कचऱ्यात टाकायचं, कंपोस्टमध्ये अजिबात नाही, आणि त्या खड्ड्यात जुनी मुळं पूर्ण कुजेपर्यंत दुसरं होस्टा लावायचं नाही, तिथे खुशाल फर्न लावा, ॲस्टिल्बी लावा, ह्यूकेरा लावा, हा व्हायरस होस्टाचाच आहे. एका झाडाकडून दुसऱ्याकडे जाताना कात्री आधी साबणाने धुवायची, माती आणि रस निघाला पाहिजे, मग एक भाग ब्लीच नऊ भाग पाणी यात बुडवायची. नवीन आणलेलं झाड निदान एक सीझन बाकीच्यांपासून लांब कुंडीत ठेवायचं. शंका असेल तर पानाचा तुकडा कुस्करून तपासायच्या पट्ट्या मिळतात, एक पट्टी झाडापेक्षा महाग पडली तरी सगळी बाग जाण्यापेक्षा स्वस्त. आणि आपसात वाटावाटी करताना, जी आपण सगळेच प्रेमाने करतो, आधी पानं नीट उलटून पालटून बघा, लहान स्वस्त रोपांच्या पॅकेटमधून आलेलं असेल तर जास्तच.

अजून एक, ज्यांच्या घरी कुत्रा किंवा मांजर आहे त्यांनी लक्षात ठेवा, होस्टात सॅपोनिन असतं, जनावराने पानं चावली तर उलट्या जुलाब होऊ शकतात. तसं झालं तर पशुवैद्याला फोन करून कुठलं झाड खाल्लं ते सांगा. रोप चघळायची सवय असलेलं पिल्लू असेल तर कुंडी उंचावर ठेवा.

संपादक साहेब, आपल्याला विनंती एवढीच की पुरवणीत पुढच्या वेळी दोन फोटो शेजारी शेजारी छापा, एक निरोगी दुरंगी होस्टाचं पान आणि एक व्हायरस लागलेलं, दोन्ही जवळून काढलेले आणि रंगीत, कारण मी इथे कितीही शब्द खर्च केले तरी तो शिरांमधून पसरलेला रंग एकदा डोळ्यांनी बघितल्याशिवाय ओळखता येत नाही. फोटो वसंतात छापलेत तर उत्तम, लोक नवीन रोपं घ्यायला तेव्हाच बाहेर पडतात.

आपली,
पुरवणीची नियमित वाचक